येताना काही आणू नये

"हिवाळा गरीब-श्रीमंत बघत नाही, शहाणा-खुळा बघत नाही. हिवाळा फक्त एवढंच बघतो, की कुणाची तयारी झाली आहे आणि कुणाची नाही."

अंगणाच्या मधोमध उभं राहून नाना एवढं बोलले आणि पंच्यानं मानेवरचा घाम पुसायला लागले. ऑक्टोबरातली भर दुपार होती. कुडावरचा कावळा चोच उघडी टाकून बसला होता, गाय माश्या हाकलायचेही कष्ट घेत नव्हती, आणि नानांच्या डोक्यावर मी छत्री धरून उभा होतो, कारण बोलताना त्यांना दोन्ही हात मोकळे लागत. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "आधी सावलीत या. हिवाळा यायच्या आत ऊन लागेल."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. त्या अंगणात आता माझ्या पुतण्याची मोटार उभी असते. तिला थंडी वाजू नये म्हणून तो तिच्यावर रोज पांघरूण घालतो. म्हणजे घराण्याचं वळण अगदीच गेलेलं नाही.

नाना म्हणजे माझे वडील, रंगनाथ निरगुडे. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर जाळीच्या खिडकीमागं बसायचं, गाड्या सोडायच्या आणि कर्ण्यावरून पुकारा करायचा, हे त्यांचं काम. पुकारा दोनदा करायचा असा नियम होता, आणि नोकरीतला हा नियम घरीही त्यांच्या जिभेवर बसला होता. महत्त्वाचं वाक्य त्यांच्या तोंडून एकदा येऊन थांबतच नसे. "मीठ कमी आहे. पुन्हा ऐका, मीठ कमी आहे," असं ते जेवताना म्हणत, आणि आई दोन्ही वेळा ऐकत नसे.

त्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. खिडकीशी होते तोवर दिवसभर माणसं त्यांना विचारत असत. सिन्नरची लागली का, लासलगावची गेली का, येवल्याची आज येणार आहे की नाही. नाना वैतागत, "पाटी वाचा ना" म्हणून खेकसत, आणि पाटीवर असलेलंच सगळं पुन्हा सांगत. जूननंतर त्यांना कुणी काही विचारीना. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसत, गल्लीतून जाणारा माणूस "काय नाना, निवांत?" असं म्हणे आणि उत्तर यायच्या आत पुढं निघून जाई. निवांत हा शब्द नानांना पहिल्यांदा आवडला, मग आवडेनासा झाला, आणि गणपतीपर्यंत तो कानावर पडला की ते उठून आत जायला लागले.

अशा माणसाला ऑक्टोबरात हिवाळा सापडला.

निफाडकडची थंडी पेपरात छापून येते. कुठल्या गावाला कशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही; आमच्याकडच्या लोकांना तो या थंडीचा. ती जणू त्यांनी स्वतः कष्ट करून पिकवली आहे, अशा आवाजात ते परगावच्या पाहुण्याला तिच्याबद्दल सांगतात. आणि या थंडीत आमच्या गल्लीचं सगळं चाले ते शेकोटीवर. दिवाळी झाली की रोज सकाळी, उजाडायच्या सुमारास, समोरच्या पुंजाआबा कुशाऱ्यांच्या अंगणात शेकोटी पेटे आणि उन्हं खाली येईपर्यंत गल्ली तिच्याभोवती बसे. कुणाची सोयरीक जुळली, कुणाची फिसकटली, विहिरीची मोटर कुणी जाळली, सोसायटीत या खेपेला कुणाला निवडून आणायचं आणि मग कसं पाडायचं, हे सगळं तिथं ठरायचं. ग्रामपंचायतीत नंतर फक्त सह्या होत. नानांनी यातलं काही पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी ते पहिली गाडी सोडायला स्टँडवर असत. म्हणजे गल्ली जिथं एकमेकांशी बोलत होती, तिथं नाना उभ्या आयुष्यात कधी बसलेच नव्हते.

"यंदा शेकोटी आपल्या अंगणात," त्यांनी छत्रीखालून जाहीर केलं. "पुन्हा ऐका. यंदा शेकोटी आपल्या अंगणात."

आई म्हणाली, पुंजाआबांकडं चालली आहे ती चांगली चालली आहे, तिला कशाला हात लावता. नाना म्हणाले, तिथं काय आहे? मोडकी बैलगाडी, कोंबड्या आणि उकिरडा. लोकांना बसायला धड जागा नाही. सोय नावाची काही गोष्ट असते की नाही. आईनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. मी मात्र त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. चार महिन्यांनी प्रथमच ते घाई असल्यासारखे दिसत होते.

आधी त्यांनी घर हाती घेतलं. खिडक्यांच्या फटींना खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली. दारांच्या खाली गोणपाटाच्या गुंडाळ्या ठोकल्या. कौलांतल्या भोकांत चिंध्या कोंबल्या. काम इतकं चोख झालं, की संध्याकाळी आईनं मिरचीची फोडणी दिली तेव्हा आम्ही तिघंही खोकत खोकत अंगणात आलो. डोळे पुसत नाना म्हणाले, "बघा. आतली हवा बाहेर जात नाही, म्हणजे बाहेरची आत यायचा प्रश्नच नाही." त्या रात्री आईनं स्वयंपाकघरातल्या खिडकीचा कागद फाडला. दुसऱ्या दिवशी नानांनी तो पुन्हा चिकटवला. असं आठवडाभर चाललं, शेवटी कागद संपले.

गोधड्या उन्हात पडल्या, उलटल्या, पुन्हा पडल्या. पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाला डाग देऊन आणला आणि तो न्हाणीतून उचलून अंगणात मांडला, का तर शेकोटीवर आलेल्यांना तोंड धुवायला ऊन पाणी मिळावं. गाईला गोणपाटाची झूल झाली. ती तिनं घातल्या दिवशीच खाल्ली. खोबरेल तेलाची बाटली ओट्याच्या कोनाड्यात ठेवण्यात आली. तेल गोठलं, की हिवाळा सुरू झाला असं अधिकृतपणे धरायचं होतं.

मग अंगण. आईनं ते सारवून दिलं, ते वाळल्यावर नानांनी त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखणी केली. स्टँडवर गाड्या लावायला फलाट असतात तसे शेकोटीभोवती खण आखले. वयोवृद्धांचा वेगळा, धूर सोसत नाही अशांचा वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि विडी ओढणाऱ्यांचा एका कोपऱ्यात. मधोमध दगडांचं गोल कडं. आत यायची वाट एक आणि जायची दुसरी. मी तेव्हा निफाडला एका दुकानात हिशेबनीस होतो. संध्याकाळी सायकलवरून यायचो आणि चुकून जायच्या वाटेनं आत शिरायचो. मग मला परत बाहेर जाऊन यावं लागायचं.

सगळ्यात मोठी तयारी सरपणाची. द्राक्षांच्या बागांची छाटणी चालू होती. बागवाले छाटलेल्या काड्या बांधावर टाकून देतात. नानांनी त्या गाडी भरून आणल्या, वाळवल्या, मोळ्या बांधल्या. मागची वठलेली बाभूळ तोडून तिच्या ढलप्या केल्या. सगळं कुडाला लावून रचलं आणि वरून दव लागू नये म्हणून प्लास्टिकचा कागद घातला. इतकं कोरडं, इतकं एकसारखं, इतकं देखणं सरपण आमच्या गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोक थांबून बघत. एकानं तर विचारलं की हे विकायचं आहे का.

सरपण रचून झालं तसे नाना इस्त्रीचा शर्ट घालून घरोघर आमंत्रण द्यायला निघाले. मी बरोबर होतो. प्रत्येक दारात तेच सांगणं. बसायची सोय आहे, ऊन पाणी आहे, आल्याचा चहा आहे. आणि शेवटी, हात वर करून, "येताना कुणी काही आणू नये. पुन्हा ऐका. येताना कुणी काही आणू नये. सगळी सोय केलेली आहे."

सगळे म्हणाले, येऊ ना. पुंजाआबांच्या दारात नाना जरा घुटमळले. पुंजाआबा मोडक्या गाडीच्या जोखडावर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येईन ना. माझ्या अंगणात काय हंडा पुरलाय, की त्याला सोडून येऊ नये?"

नाना परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. एवढ्या सहज काम होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी खोबरेल गोठलं. बाटली उलटी करून नानांनी आईला दाखवली, मला दाखवली, गाईलाही दाखवली असावी. मग त्यांनी शेकोटी पेटवली. द्राक्षांच्या काड्या तडतडल्या, बाभळीनं हळूहळू धरलं, धुराचं नाव नाही, आणि बंबाची कड लालसर दिसायला लागली.

आणि गल्ली आली. अगदी सगळी आली. सखाहरी आला, त्याची टोपी कानावर ओढलेली. सखाहरी म्हणजे गल्लीतला सगळ्यांत बोलका माणूस. तो बागा राखायचा आणि दिवसभर द्राक्षांशी बोलून आलेला असायचा. ठकूमावशी आली, पोत्याची खोळ पांघरून. पुंजाआबाही आले. नानांनी प्रत्येकाला त्याच्या खणात बसवलं. सगळे ताठ बसले, मुलगी बघायला आल्यासारखे. चहा झाला. सखाहरी म्हणाला, "छान पेटलीय." ठकूमावशी म्हणाली, "चांगली पेटलीय." पुंजाआबांनी नुसती मान हलवली. नाना हात चोळत सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता बोलणं सुरू होईल, आता कुणीतरी काही विचारेल. कपबश्या खाली ठेवल्या गेल्या. सखाहरी म्हणाला, "येतो मग, नाना," आणि एकामागून एक सगळे जायच्या वाटेनं गेले. शेकोटी अजून छातीएवढी पेटलेली होती.

दुसऱ्या दिवशी आले ते निम्मे. तिसऱ्या दिवशी ठकूमावशी तेवढी आली, आणि तिनं चहा होईपर्यंत वाट बघितली. चौथ्या दिवशी समोर, कोंबड्यांच्या मधोमध, पुंजाआबांच्या अंगणातून धुराचा लोट उठला.

धूर कसला, चिंचेच्या झाडाएवढा काळा ढग. त्या ढगात माणसं दिसत नव्हती, फक्त खोकले आणि हसणं ऐकू येत होतं. "सरक की तिकडं." "हे कुणी आणलंय, नुसतं फसफसतंय." "माझं लाकूड ढकलू नको, सांगून ठेवतो." मग काहीतरी बोलणं, मग असा हशा, की आमची गाय कान टवकारायची. उन्हं अंगणभर पसरली तरी ती माणसं उठत नसत. आणि आमच्या अंगणात नाना त्यांच्या खणात, समोर देखणा जाळ, शेजारी चहाची किटली.

नानांनी कमतरता शोधायला सुरुवात केली. गवती चहा वाढवला. बसायला पोत्यांवर जुन्या सतरंज्या आल्या. ट्रान्झिस्टर आला, त्यावर सकाळी शेतीचा कार्यक्रम लागे, तो एकटी गाय ऐके. काही उपयोग होईना, तेव्हा त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. तिकडं नक्की काय सोय आहे ते बघून ये, म्हणाले. पुंजाआबा चहात काही घालतो का, तेही बघ.

मी दुसऱ्या सकाळी गेलो. धुरात शिरलो आणि बसायला जागा शोधू लागलो, तेवढ्यात सखाहरीनं विचारलं, "काय आणलं?"

"काही नाही."

"मग कुणाच्या जिवावर शेकणार?" तो रागानं बोलला नाही. चप्पल बाहेर काढ असं सांगावं तसा बोलला.

मी परत आलो. नाना पाठ करून बंबात पाणी ओतत होते, तेवढ्यात कुडावरची बाभळीची एक ढलपी ओढली आणि मागच्या बोळातून पुन्हा तिकडं गेलो. ढलपी हातोहात फिरली. बाभूळ आहे, वाळलेली आहे, नानाची आहे, असं ठरलं, आणि माझ्यासाठी माणसं सरकली.

तिथं मला जे दिसलं ते असं. जो तो घरातलं काहीतरी मोडकंतोडकं घेऊन आलेला. ठकूमावशीनं फुटकं मुसळ आणलं होतं, सखाहरीनं खाटेचा पाय. लाकूड आगीत गेलं की त्याची हकिगत निघायची. सखाहरीचा सासरा दिवाळीला आला की या खाटेवर संक्रांतीपर्यंत मुक्काम ठोकायचा. यंदा खाट त्याच्या अंगाखाली मोडली. ती आपोआप मोडली की मोडवली, यावर दोन तट पडले आणि खाटेचा पाय जळेपर्यंत वाद चालला. पुंजाआबा काटकीनं सगळ्यांची लाकडं सारखी करत होते. आणि ज्याचं लाकूड जळून संपलं तो उठून जात होता. उठा असं कुणी म्हणत नव्हतं. घरी जाऊन दुसरं आणायची मात्र पद्धत नव्हती. तो हावरटपणा झाला असता. अर्धं लाकूड जळत ठेवून जाणं त्याहून वाईट. माझी बाभूळ संथपणे जळत राहिली आणि मला दुकानात जायला उशीर झाला.

संध्याकाळी नानांनी अहवाल मागितला. मी म्हणालो, धूर फार आहे, लाकूड ओलं असतं. नाना खूश झाले. बसायला काय? जमीन. चहा? चहा नाही. ऊन पाणी? तेही नाही.

"मग तिथं आहे तरी काय?" त्यांनी विचारलं. खाटेचा पाय असं उत्तर द्यावं असं मला वाटलं, पण ते त्यांना समजलं नसतं, आणि खरं म्हणजे मलाही पुरतं समजलं नव्हतं.

पौषात एक सकाळ अशी आली, की चाऱ्यावरचं दव पांढरं पडलं होतं आणि बाटलीतलं खोबरेल दगड झालं होतं. नानांनी शेकोटी पेटवली. किटलीभर चहा शेजारी ठेवला. चुन्याच्या रेघा आता पुसट झाल्या होत्या, तरी ते नेमके आपल्याच खणात बसले. समोरून हशा आला. नाना ज्वाळेकडं बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "माझ्यात काही चुकतंय का रे?"

त्यांनी ते एकदाच म्हटलं. पुन्हा ऐका म्हणाले नाहीत. आई गाईपुढं कडबा टाकत होती. ती तशीच पाठमोरी म्हणाली, "चुकतंय काय त्यात. कुणाला काही आणूच दिलं नाही तुम्ही. मग पाहुण्यासारखा येतो माणूस. चहा पितो अन् जातो. तिकडं सखाहरीचं लाकूड पेटलेलं असतं, ते जळेस्तोवर तो उठेल का?"

नानांनी समोरच्या धुराकडं पाहिलं.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर दोन-दोनदा सांगत होता."

नाना उठले. मला वाटलं, रागावले. ते घरात गेले आणि आतून भांडी सरकवल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक लाकडी पाटी होती. स्टँडवर गाड्यांना पत्र्याच्या नव्या पाट्या आल्या तेव्हा जुन्या लाकडी मोडीत निघाल्या होत्या. त्यातली एक नानांनी घरी आणून धान्याच्या कणगीमागं ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, कडा झिजलेल्या. लासलगाव–निफाड–नाशिक.

"ही नेताय?" आईनं विचारलं.

"दुसरं माझं काय आहे घरात?" नाना म्हणाले, आणि पाटी काखेत मारून गल्ली ओलांडायला लागले. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी मागोमाग गेलो, जाताना एक ढलपी घेऊन.

धुरातून सखाहरीनं वर पाहिलं. गल्लीचा पहारेकरीच तो, नानांना तरी कसा सोडेल.

"काय आणलं, नाना?"

नानांनी पाटी पुढं धरली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. ठकूमावशीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, काय लिहिलंय त्यावर? नानांनी घसा साफ केला आणि खिडकीमागच्या आवाजात म्हणाले, "लासलगाव, निफाड, नाशिक. पुन्हा ऐका. लासलगाव, निफाड, नाशिक." कोंबड्या पळाल्या. माणसं हसली, आणि हसता हसता नानांसाठी जागा झाली. जमिनीवर, धुराच्या तोंडाशी.

सखाहरीनं पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हीच ती," तो म्हणाला. "माझ्या लग्नाला मामा पोचला नाही तो या गाडीमुळं. पळत पळत स्टँडवर आला होता, तेवढ्यात तुम्ही शिट्टी मारली. माझ्या पाठीमागं मामा म्हणून कोण उभं राहिलं माहितीये? घोडेवाला."

"गाडी वेळेवर सोडावीच लागते, सखाहरी."

"वेळेवर? ती त्याच दिवशी कशी काय वेळेवर सुटली, ते सांगा ना."

नाना सांगायला लागले. वरून साहेब आलेले होते, म्हणून त्या दिवशी सगळंच वेळेवर होतं. ते संपायच्या आत ठकूमावशीनं विचारलं, की एकदा तिची कोंबडी टोपलीसकट या गाडीत चढली, ती स्वतः खाली राहिली आणि गाडी गेली. तर ती कोंबडी उतरली कुठं असेल? नानांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, त्या वेळी कंडक्टर कोण होता त्यावर आहे. एक होता तो कोंबडी परत आणणारा. एक होता तो जेवून घेणारा. मग कुणी पुराच्या वेळी गाडी कुठून वळवली ते काढलं, कुणी रस्त्यात बाळंत झालेल्या बाईचं, कुणी सीट धरायला खिडकीतून टाकलेल्या टोपीचं, जी पुढं कधी मिळाली नाही. सगळे एकदमच विचारत होते, तक्रारी करत होते, आणि नाना एकेकाला हातानं थांबवत उत्तरं देत होते. धुरानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांना सवड नव्हती.

पाटी जाळायची की नाही, यावर मध्येच कुणीतरी शंका काढली. चांगली पाटी आहे, भिंतीला शोभेल. नानांनी पुंजाआबांकडं पाहिलं. पुंजाआबा म्हणाले, "आणलीय ना? मग जळू द्या," आणि त्यांनी ती घेऊन जाळावर आडवी ठेवली.

इथं एक घोटाळा झाला. पाटी वर्षानुवर्षं घरात वाळलेली, पातळ, वर तेलाचा रंग दिलेला. तिनं धूर केलाच नाही. भपकन पेट घेतला. रंगाचे फोड आले, लासलगाव गेलं, निफाड जरा टिकलं, आणि सखाहरी नाशिकला खिशातून मारल्या गेलेल्या पाकिटाची हकिगत अर्ध्यावर आणतो आहे तोवर नाशिकही गेलं. उन्हं अजून पुंजाआबांच्या छपरावरून खाली उतरायची होती. बाकी सगळ्यांची लाकडं निवांत फसफसत होती.

नाना मान डोलवत ऐकत होते, ते थांबले. त्यांनी निखाऱ्याकडं बघितलं. त्यांना कुणी उठा म्हणालं नाही, पण कुणी थांबाही म्हणालं नाही. नियम तो नियम, आणि नियमाच्या बाबतीत नानांना सांगावं लागत नसे. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "पाकिटाचं उद्या सांगतो," सखाहरी म्हणाला. नाना म्हणाले, "हो हो, उद्या," आणि गल्ली ओलांडून घरी आले. माझी ढलपी अजून अर्धी होती, पण मी तिचा अपमान करून त्यांच्या मागं आलो. तेवढं त्या दिवशी खपून गेलं.

आई ओट्यावर उभी होती. "झालं?" तिनं विचारलं.

नाना ओट्याच्या पायरीवर बसले. चेहरा काजळीनं भरलेला, इस्त्रीच्या शर्टाला भोक पडलेलं. त्यांनी आपल्या अंगणाकडं पाहिलं. खण पाहिले, बंब पाहिला, सतरंज्या पाहिल्या. मग कुडाला लावलेल्या त्या सरपणाकडं बघितलं, कोरडं खडखडीत, एकसारखं, प्लास्टिकखाली झाकलेलं, संक्रांतीच्या पुढंही पुरेल इतकं. आता ते हिवाळ्याबद्दल काहीतरी मोठं बोलणार, असं वाटून मी बाजूला होऊन उभा राहिलो. त्यांनी घसाही साफ केला.

"ऐकलं का," ते आईला म्हणाले, "उद्यासाठी कुठं एखादं ओलं लाकूड मिळतंय का बघ. जाडसं."